नाचणगाववालीची पापणी

माह्या आत्याले, आनंदाबाईले, माणसाचं तोंड ध्यानात राहत नाई. रस्त्यानं कोणी बाई थांबून बोलली त ती हसून बोलते, अन् दहा पावलं पुढं गेलं का मले हळूच इचारते, "कोण होती व थे?" पण त्याच बाईची पापणी तिच्या बोटात द्या. ती सांगते, ही दोन वर्सांआंधी आलती, डाव्या डोळ्यातले चार केस आत वळून बुबुळावर घासत होते, चिमट्यानं काढून देल्लते. मले पयले वाटे का बुढी गप्पा हानते. मंग मी एकदा लपून दवाखान्याची वही काढून पाह्यली. डावा डोळा, चार केस, तसंच लिहून होतं.

आत्या वर्ध्याच्या एका मोठ्या दवाखान्यात डोळ्याच्या विभागात आया होती. दवाखान्याचं नाव मी सांगत नाई. सांगतलं त कोणाले न कोणाले राग येईन, अन् मले भांडाले आवडते, म्हून नकोच. मामाजी, म्हणजे आत्याचे मालक, वारले तवा ती सव्वीस वर्साची होती. पयले दोन वर्सं तिनं तिथं फरशी पुसली. मंग एक दिवस एका लेकराच्या डोळ्यात कापसाच्या बोंडाचा काटा गेला, थो पापणीच्या आत फसला. लेकरू असं रडे का तीन डॉक्टरायले डोळा उघडता येईना. आत्या फरशी पुसाचं पोतं हातात घेऊन उभी होती. तिनं पोतं ठेवलं, हात धुतले, लेकराले मांडीवर घेतलं, खाली पाहाले लावलं अन् अंगठा अन् एका बोटानं केस धरून पापणी अशी उलटली, जसं कोणी पोथीचं पान उलटते. लेकराले कळलंबी नाई. तवापासून तिची फरशी सुटली. नवीन डॉक्टर पोरं आली का मोठे सर म्हणत, जा, मावशीजवळून पापणी उलटाचं शिकून या. अन् थे पोरं, इंग्रजीत बोलणारे, माह्या आत्याच्या पुढं रांगेत बसत.

मी नववीत शाळा सोडून तिच्याजवळ राहाले आली. काऊन सोडली, थे इथं सांगाचं काम नाई. तिनंबी कधी इचारलं नाई, अन् त्यासाठी मी तिच्यासाठी कोणाचंबी डोकं फोडीन.

सन दोन हजारात प्रेरणा मॅडम आल्या. डोळ्याचे मोठे डॉक्टर व्हाच्या आंधी त्यायले एक अभ्यास करून लिहा लागते, त्याले थेसिस म्हणते. बाकीच्यायनं मोतीबिंदू घेतला, साखरेच्या बिमारीचे डोळे घेतले. मॅडमनं घेतली पापणीवरची गाठ. म्हणजे आपण जिले रांजणवाडी म्हणतो थे. सारे हसले. रांजणवाडीचा काय अभ्यास कराचा, होते अन् जाते.

मॅडम बारीक, आवाज त्याहून बारीक, पण हट्टी. त्यायनं आत्याले बसवून समजावलं. म्हणे, मावशी, पापणी म्हणजे काही कातडीचा पडदा नाई. आतून एक पाटी असते, कानासारखी कडक. त्या पाटीत तीसेक बारीक बारीक तेलाच्या विहिरी असते, एका वळीत. दर वेळेस डोळा मिटला का त्याइतून थोडंसं तेल डोळ्यातल्या पाण्यावर पसरते, म्हून पाणी वाळत नाई. एका दिवसात डोळा चौदा-पंधरा हजार वेळा मिटते. मी तिथंच डबा घेऊन बसली होती. मी डोळे मिटून पाह्यले. सतरा-अठरा वर्सं हे माह्या तोंडावर चालू होतं अन् मले पत्ताच नोता. शाळेत कोणी हे सांगतलं असतं त कदाचित बसली असती मी अजून.

त्या विहिरीत कधी कधी वाईट गाठ होते, मॅडम म्हणे. दिसाले रांजणवाडीच. दुखत नाई. पण पन्नाशीच्या माणसाले, त्याच पापणीत, त्याच जागी परत परत येते, अन् तिथले केस गळते. म्हून मॅडमचा नियम होता: परत आलेली गाठ कापली का फेकाची नाई. शिशीत टाकाची, नाव-गाव लिहाचं, तपासाले पाठवाची.

आंधी थे गाठी आत्याच बादलीत टाकत होती. तिनं कोपऱ्यातल्या बादलीकडं पाह्यलं. मंग एवढंच म्हणे, "किती टाकल्या असतीन मी."

त्या दिवसापासून शिश्या तिच्याकडं. शिशीवरचं लेबल ती देवाचा फोटो चिटकवल्यासारखं चिटकवे.

दोन हजार एकच्या जानेवारीत समुद्रपूर तालुक्यातल्या एका गावात शिबिर होतं, शाळेत. नावं लिहिणारा बाबू आलाच नाई. आत्या चौथी शिकली हाये, अक्षर गोल हाये, वही तिच्या हातात आली. आता आमच्याकडच्या जुन्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाई. इचारलं का पदर तोंडात धरते अन् मागच्या बाईकडं पाहाते, मंग मागची सांगते. आत्यानं सोता कधी मामाजीचं नाव घेतलं नाई, म्हून ती कोणाले जोर करत नाई. एक बाई पुढं आली. नाव सुलोचना. त्याच्या पुढं गप्प. आत्यानं मागचीले इचारलं, हे कुठची, कोणाची? मागची दुसऱ्या गावची होती, तिले एवढंच माहीत. ती म्हणे, "हे नाचणगाववाली."

आत्यानं लिहून टाकलं: सुलोचनाबाई, मुक्काम नाचणगाव. नवऱ्याची जागा कोरी.

सासरी आलेल्या बाईले सारं गाव तिच्या माहेरच्या गावानं बलावते, हे इकडच्या शेंबड्या पोरालेबी माहीत. माह्या आत्यालेच आमची गल्ली केळझरवाली म्हणते. तरी तिनं लिहिलं. रांग लंबी, मान खाली, हात चालू. नाचणगाव पुलगावजवळ, जिल्ह्याच्या त्या टोकाले. तिथली बाई इकडच्या शिबिरात कायले येईन, हे डोक्यात आलं नाई.

टेबलावर त्या बाईच्या तोंडावर हिरवं फडकं टाकलं, त्याच्या भोकातून एक डोळा दिसे. आत्यानं पापणी धरली, मॅडमनं गाठ काढली. उजवी, वरची पापणी. मधात गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत एकबी केस नाई. फडक्याखालून बाई सांगे का तिसऱ्यांदा आली हे, लवंग उगाळून लावली, खारकेची बी उगाळून लावली, जाते अन् येते. गाठ शिशीत गेली. बाई पट्टी लावून घरी गेली.

तीन हप्त्यानं रिपोर्ट आला.

मॅडमनं आत्याले प्रयोगशाळेत नेलं. मीबी मागं घुसली, कोणी थांबवलं नाई. सूक्ष्मदर्शकात आत्यानं पाह्यलं, मंग मले पाहू देल्लं. त्या गाठीचे इतके पातळ काप केले होते का उजेड आरपार जाये, अन् त्यावर जांभळा रंग चढवला होता. मले वाटलं काही घाणेरडं दिसन. पण थे सुंदर होतं. खरं सांगते, तसं सुंदर मी कधी पाह्यलं नाई, सारं भरून ठिपकेच ठिपके, कोणी लहान, कोणी मोठा, फेसासारखे. मॅडम म्हणे, यायनं सारखं असाले पाह्यजे होतं. असे लहान-मोठे झाले म्हून वाईट. मी नळीवरून डोळा बाजूले केला. एका ज्वारीएवढ्या तुकड्यातून बाईचं मरण वाचता येते. अन् जगणंबी, कारण मॅडम म्हणे, लवकर सापडली अन् सारी जागा कापली त बाई वाचते. नाई त हे कानापुढच्या गाठीत उतरते, मंग गळ्यात. किती दिवसात, थे कोणी सांगू शकत नाई.

नाचणगावले कार्ड टाकलं. वापस आलं. दुसरं टाकलं, थेबी वापस. कार्ड हातात घेऊन आत्यानं पत्ता परत परत वाचला. तवा तिच्या ध्यानात आलं का आपण काय लिहिलं. तिनं मॅडमले सरळ सांगतलं, चूक माही हाये. मॅडम म्हणे, मावशी, तुमी एकट्या कुठं शोधत फिरान, तालुक्याच्या दवाखान्याले कळवू. आत्या म्हणे, कळवा. अन् घरी येऊन मले म्हणे, "लूना काढ."

आमी आंधी नाचणगावलेच गेलो. तिथं सुलोचना नावाची गावची लेक कोणालेच माहीत नोती. यशोदाबाई म्हून एक म्हातारी ओट्यावर तूर पाखडत बसली होती, ती आमच्यावर हसली. म्हणे, लग्नात पोरीचं नाव बदलते, सुलोचना तिकडची झाली असन, इकडं थे कोण होती मले काय माहीत. आत्यानं मंग उलटं इचारलं: या गावच्या लेकी समुद्रपूरकडं कोणत्या कोणत्या गावात देल्ल्या? म्हातारीनं सूप बाजूले ठेवलं अन् डोळे मिटून चाळीस वर्सांच्या वराती आठवल्या. तिकडं तीन देल्ल्या होत्या. एक वारली. बाकी दोघी दोन गावात.

मले वाटलं झालं काम. दुसऱ्या दिवशी एस्टीनं तिकडं गेलो. त्या दोन्ही गावायची नावं मी सांगत नाई, लोकं अजून तिथंच राहते. पयल्या गावची नाचणगाववाली बारीक पोरगी निघाली, डोळे चकाचक. दुसऱ्या गावात आमी फाट्यावरून आत गेलो, इचारलं, नाचणगाववाली सुलोचनाबाई कोणती? अन् सारं गाव मुकं झालं. इथं अशी कोणी नाई. पानठेल्यावर नाई, आटाचक्कीवर नाई, हापशीवर नाई. एका बाईनं त आमच्या तोंडावर दार लावलं. मागून पोट्टे वरडत आले, डोळेवाले आले, डोळेवाले आले.

कारण आमाले मंग फाट्यावरच्या चहावाल्यानं सांगतलं. दोन वर्सांआंधी त्या गावातला एक माणूस कुठल्यातरी शहरात डोळ्याले गेल्ता. त्याचा डोळा काढला, अन् थो घरी येऊन महिन्याभरात मेला. तवापासून गावाचं पक्कं होतं: दवाखानेवाले शोधत आले का डोळा काढाले आले. म्हून बाईले साऱ्यायनं लपवलं. आपल्या माणसाले वाचवाले लपवलं, अन् त्यानंच ती मरून राह्यली होती.

आत्या खरं सांगू शकत नोती. हापशीवर क्यान्सर म्हटलं असतं त त्या घरचं पाणी कोणी पेलं नसतं, घरात पोरगी असन त तिचं लग्न मोडलं असतं. ती सांगेना, गाव बोलेना. मी तपली. फाट्यावर एस्टीची वाट पाहता पाहता मी म्हटलं, मरू दे मंग, त्यायलेच नाई पाह्यजे त आपण काऊन झिजाचं.

आत्या उन्हात उभी होती. म्हणे, "नाचणगाव त्यायनं नाई लिहिलं. मी लिहिलं."

मी सावलीतून उठून तिच्या बाजूले उन्हात जाऊन उभी राह्यली.

एस्टीत बसल्यावर ती आपल्याशीच बोलल्यासारखी बोलली. एक बाई शोधाले गेलो त गाव दार लावते. एक शोधूच नाई. साऱ्यायचेच डोळे पाहू.

मॅडमनं बॅटरी देल्ली, कापूस, स्पिरिट, चिठ्ठ्यायचा गठ्ठा देल्ला, अन् दम देल्ला का फक्त पाहाचं, औषध टाकाचं नाई, शंका आली त चिठ्ठी लिहून पाठवाचं. आत्यानं सुट्ट्या टाकल्या. समुद्रपूरच्या आठवडी बाजारात आमी बांगड्यावाल्याच्या बाजूले पोतं आथरलं. बांगड्यावाल्याच्या बाजूले, कारण तिथं बाया बसतेच अन् नवरे दूर उभे राहते. आत्या पोत्यावर, समोर पालथी बादली पेशंटसाठी, अन् मी वरडाले. मले वरडता चांगलं येते. डोळे पाहून घ्या, फुकट हाये, पाहाचेच हाये, काढाचे नाई.

पयल्या बाजारात दुपारपर्यंत कोणी आलं नाई. मंग एक मिरच्या इकणारी म्हातारी आली, बादलीवर बसली. "काय दिसते व बाई डोळ्यात? माहा बुढा दिसते का?"

आत्यानं तिची पापणी उलटली. म्हणे, "दिसते. झोपला हाये."

म्हातारी अशी हसली का तिच्या हसण्यानं दुसऱ्या बाया आल्या. अन् मंग रांग तुटलीच नाई.

मले त्या चार बाजाराचं कोणालेच नीट सांगता येत नाई. मी बॅटरी धरत होती, आत्याच्या खांद्यावरून पाहत होती. पापणी उलटली का आत लाल मखमल दिसते, तिच्यात पिवळ्या बारीक रेघा दिसते, थ्याच त्या तेलाच्या विहिरी. हर माणसाच्या येगळ्या. एकीच्या डोळ्यात चार वर्सांपासून धानाचं कुसळ फसून होतं, तिले वाटे आपले डोळे जन्माचेच लाल. एका बाईचे केस सारे आत वळून बुबुळ पांढरं करून राह्यले होते अन् ती म्हणे, चुलीचा धूर लागते. एका लेकराच्या पापणीच्या केसात बारीक उवा निघाल्या, माय लाजून मेली. एक पोरगी हनुवटी वर करून चाले, सारे तिले घमेंडी म्हणत, अन् तिची पापणी जन्मापासून अर्धीच उघडे, बिचारी खालून जग पाहत होती. या साऱ्यायले आत्यानं चिठ्ठ्या देल्ल्या. मी वहीत काड्या मारत होती. चवथ्या बाजारापर्यंत हजाराच्या वर पापण्या झाल्या. हर पापणी ती तशीच उलटे, पयलीसारखी, हात धुवून, कोणालेबी न दुखवता. मी बाजूले बसून थकली, ती थकली नाई. दुसऱ्या बाजारानंतर मले वाटाले लागलं का ही बाई माही आत्या नाई, कोणी येगळंच हाये.

चवथ्या बाजारात मार्च सरत आला होता. ऊन चटकत होतं. एक बाई बांगड्या भराले बसली, पदर अर्ध्या तोंडावर. शेजारणीनं तिले बादलीवर ढकलली. बसली, पण डावाच डोळा पुढं केला. आत्यानं पाह्यला. म्हणे, दुसरा. बाई म्हणे, थो बरा हाये. आत्या हात मांडीवर ठेवून बसून राह्यली. घाई नाई, काही नाई. मागच्या बाया कुरकुर करत होत्या. मंग बाईनं आपणच पदर सारला.

आत्यानं अंगठा लावला अन् तिचा हात थांबला. चार बाजारात थो पयल्यांदा थांबला. मी बॅटरी जवळ नेली. उजवी, वरची. मधात केस नाई. अन् त्याच जागी तुरीच्या दाण्याएवढी गाठ परत आलेली, पिवळसर.

आत्या तिच्या कानाजवळ वाकली अन् हळूच म्हणे, "आंधी लवंग लावली होती ना? अन् मंग खारकेची बी."

बाई उठूनच उभी राह्यली. सुलोचनाबाई ती हीच.

बांगड्यावाल्याच्या पालामागं, जिथं कोणी ऐकणार नाई तिथं, आत्यानं तिले अन् तिच्या नवऱ्याले नेलं. नवरा चिंधूजी, उंच माणूस, खांद्यावर बैलाचे नवे दोर. त्यानं आमाले ओळखलं. म्हणे, "तुमीच गावात आलते. डोळा काढाले."

आत्यानं सारं सांगतलं. गाठीत काय निघालं थे सांगतलं, क्यान्सर हा शब्द एकदाच अन् हळू सांगतला. पत्ता आपण चुकीचा लिहिला हेबी सांगतलं, कोणी इचारलं नोतं तरी. चिंधूजीच्या कपाळाची शीर फुगली. म्हणे, "म्हणजे तुमच्या लिहिण्यापायी दोन महिने गेले?"

"हो," आत्या म्हणे.

मी पुढं झाली, मले बोलाचं होतं का ही बाई तुमच्यासाठी कुठं कुठं फिरली, तुमच्या गावानं कुत्र्यासारखं हाकललं. आत्यानं मान न वळवता माहा हात दाबून धरला.

सुलोचनाबाईनं क्यान्सरचं काही इचारलं नाई. तिनं इचारलं, "पापणी कापली त मी झोपू कशी?"

आत्यानं तिच्याकडं पाह्यलं. खोटं सांगणं सोपं होतं. ती म्हणे, "मॅडम म्हणते नवीन करता येते. खालच्या पापणीतून. मी अजून पाह्यली नाई तशी केलेली. झाली त झोपान. नाई झाली त डोळा उघडा राहीन अन् वाळीन. पण कापली नाई त डोळाबी जाईन, अन् तुमीबी."

चिंधूजी दोराची गाठ सोडत अन् मारत राह्यला. बोलली थे सुलोचनाबाई. म्हणे, "सोमवारी येतो. चना काढून झाला का."

ती आली. मले खात्री नोती, म्हून मी सोमवारी सकाळपासून दवाखान्याच्या फाटकावर होती. दोघं एस्टीतून उतरले तवा मी पळत जाऊन त्यायच्या हातातली पिशवी घेतली.

कानापुढं, गळ्यात हात लावून मोठ्या सरायनं तपासलं. अजून उतरलं नोतं. शुक्रवारी ऑपरेशन. मी अन् चिंधूजी बाहेर बाकावर. आत काय चालते थे मले मॅडमनं आंधी समजावलं होतं: गाठ काढाची, भोवतालची चांगली दिसते थे जागाबी काढाची, अन् बाई टेबलावर असतानाच त्या तुकड्याच्या कडा तपासाच्या. कडा साफ निघाल्या तरच पुढची शिलाई. तुकडा प्रयोगशाळेत न्याचं काम आत्याचं. वऱ्हांड्याच्या या टोकाले ऑपरेशनची खोली, त्या टोकाले प्रयोगशाळा.

आत्या निघाली. हातात झाकलेली बशी, रबरी चपला. धावली नाई, पण मी तिले इतकं जलद चालताना कधी पाह्यलं नाई. वापस आली, रिकामी, आमच्याकडं पाह्यलं नाई. थोड्या वेळानं परत बशी घेऊन निघाली. चिंधूजीनं मले इचारलं, आता काय? मले समजलं होतं. एखादी कडा साफ निघाली नोती, अजून कापलं होतं. मी त्याले सांगतलं. थो उठला, भिताडाकडं तोंड करून उभा राह्यला. दुसऱ्यांदा आत्या वापस आली तवा तिनं आमच्यासमोरून जाता जाता मान हलवली. एवढीशी. कडा साफ होत्या.

मंग त्यायनं जे केलं थे मी मॅडमकडून तीनदा ऐकलं. वरची पापणी जवळजवळ गेली होती. खालच्या पापणीच्या काठाखालून कातडीचा पट्टा सोडवला, थो काठाच्या मागून वर ओढला अन् वरच्या जागेत शिवला. मधात पाटी पाह्यजे, त थे कानातून घेतली, कानातलं मऊ हाड, नखाएवढं. कानाची पापणी. अन् डोळा तसाच बंद ठेवला, सहा हप्ते. नव्या पापणीले वरून रक्त भेटाले लागेस्तोवर खालची पापणी तिले पोसते. जसं मायच्या पोटात लेकरू नाळेवर असते तसं.

सहा हप्त्यात आत्या दर आठ दिवसांनी एस्टीनं त्या गावात जाये. पयल्या वेळेस ज्या बाईनं दार लावलं होतं तिनंच ओट्यावर बसवून चहा देल्ला. पोट्टे अजूनबी डोळेवाली आली म्हून वरडत, पण पुढं पुढं पळत घर दाखवाले.

मे महिन्यात पापणी उघडली. म्हणजे खालचा पट्टा काठावरून कापून येगळा केला. मॅडमच्या थेसिसमधी नंतर या बाईचा नंबर छापून आला, एक्केचाळीस पेशंट, त्यायतले सहा वाईट निघाले, अन् एका रकान्यात लिहून होतं का न सापडलेले पेशंट: शून्य. त्या शून्यासाठी कोण उन्हात बसलं थे त्या पुस्तकात कुठंबी नाई. मी मॅडमले तोंडावर सांगतलं. मॅडम म्हणे, तू बरोबर हाये. थे जाऊ द्या, आत्याले त्याचं काही नोतं. तिले दुसरीच काळजी होती.

पापणी उघडल्यावर आठ दिवसांनी सुलोचनाबाई तपासाले आली. दिसत होतं. बोटं मोजली, भिताडावरचं कॅलेंडर वाचता येत नोतं, तिले अक्षरओळख नोती, पण त्यावरचं फूल लाल हाये थे सांगतलं. मिटा म्हटलं का पापणी मिटे. मोठे सर खूश झाले. आत्या नाई झाली. ती म्हणे, जागेपणी माणूस जोर लावून मिटते. झोपेत जोर कोण लावीन? झोपेत उघडी राह्यली त डोळा वाळते.

म्हून दुपारी सुलोचनाबाईले वार्डातल्या खाटेवर निजवलं. आत्यानं घरून भाकर अन् वांग्याची भाजी आणली होती, पोटभर खाऊ घातलं. तरी झोप येईना. ती म्हणे, "तुमी सारे असे डोळे फाडून पाहान त झोप येईन का?" आमी बाहेर गेलो. वऱ्हांड्यात चिंधूजी, मी, मॅडम. आत फक्त आत्या, खाटेकडं पाठ करून, अन् पंखा.

अर्ध्या घंट्यानं आत्यानं दारातून बोट हलवलं. आमी चपला काढून आत गेलो.

आत्या खाटेजवळ खाली उकिडवी बसली होती, खालून वर पाहत, कारण पापणी मिटली नसन त पांढरं खालूनच दिसते. तिनं मॅडमले जागा देल्ली. मॅडम वाकल्या. मंग मले पाहू देल्लं. नवीन पापणीवर एकबी केस नाई, थोडीशी जाड, शिलाईची रेघ गुलाबी. पण काठावर काठ टेकून होता, कुठंबी फट नाई. मांडीच्या कातडीची नाई, हाताच्या कातडीची नाई, कानाची अन् खालच्या पापणीची बनलेली, दोन महिन्याआंधी नसलेली. अन् कोणी न सांगता, बाई झोपेत असताना, आपलं काम करून राह्यली होती.

चिंधूजी बोलाले गेला. आत्यानं ओठावर बोट ठेवलं अन् दुसऱ्या हातानं दाखवलं. त्या नव्या पापणीखाली बुबुळ हळूहळू इकडून तिकडं फिरत होतं. बाई सपन पाहून राह्यली होती.